झोल किती, ताण किती

माझ्या पुस्तकांच्या कपाटावर दोन डोलकाठ्यांचं एक लहानसं जहाज आहे. त्याचे शेवटचे दोर मी एका ऑगस्टमध्ये बांधले, तेव्हा बाहेर पावसाची झड लागलेली होती. पुढचा स्टे, म्हणजे डोलकाठी पुढून धरून ठेवणारा दोर, बोटाने छेडला तर तंबोऱ्याच्या तारेसारखा थरथरला. जानेवारीत पाहुण्यांच्या मुलाला दाखवायला जहाज खाली काढलं, तर तोच स्टे वाळत घालायच्या दोरीसारखा लोंबत होता. मधल्या पाच महिन्यांत त्याला कोणी हात लावला नव्हता, एकही गाठ सुटली नव्हती. मुलगा म्हणाला, "काका, हे तुटलंय का?"

शिडाच्या जहाजाची प्रतिकृती करणाऱ्या प्रत्येकावर हा प्रसंग कधी ना कधी येतो. दोर ताठ कसे राखावेत याविषयी गेली शंभर वर्षं लिहिलं जात आहे आणि मतं अजून जुळलेली नाहीत. वाचत गेलं की लक्षात येतं, इथे एका नावाखाली दोन निरनिराळे प्रश्न भांडत आहेत. दोर दिसायला कसा असावा, हा एक. जसा बांधला तसा तो वर्षानुवर्षं कसा राहील, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर खऱ्या जहाजावर शोधावं लागतं, दुसऱ्याचं सुताच्या तंतूत.

खऱ्या जहाजावर

शिडाच्या जहाजावर दोन जातींचे दोर असतात. डोलकाठी उभी धरून ठेवतात ते स्थिर दोर: दोन्ही बाजूंना उतरणारे श्राउड, पुढे नाळेकडे जाणारे स्टे, मागे ओढणारे बॅकस्टे. शिडं आणि त्यांच्या आडव्या काठ्या हलवतात ते चालते दोर. डेव्हिड स्टील यांच्या १७९४च्या ग्रंथात इंग्रजी जहाजांच्या दोरांची मापं कोष्टकांनी दिली आहेत आणि डार्सी लीव्हर यांच्या १८०८च्या पुस्तकात ते चढवायचे कसे हे चित्रांनी दाखवलं आहे. आजचा हौशी कारागीरही याच दोघांकडे वळतो.

श्राउडच्या खालच्या टोकाला डेडआय असतो, म्हणजे तीन भोकांचा चपटा लाकडी गोळा. तसाच दुसरा जहाजाच्या कडेला. दोन्हींच्या भोकांतून लॅनयार्ड हा बारीक दोर फिरवून आवळायचा. ताण कमीजास्त करायची सोय अशी जहाजातच बांधलेली होती, कारण ती रोज लागायची. हेम्पचा डांबर लावलेला दोर नवा असताना ताणला जाई, उन्हात सैल पडे, पावसात आखडे. हार्वर्डचं शिक्षण अर्धवट टाकून रिचर्ड हेन्री डेना १८३४मध्ये बोस्टनहून 'पिल्ग्रिम' जहाजावर साधा खलाशी म्हणून गेला. त्याच्या १८४०च्या 'टू इयर्स बिफोर द मास्ट' या पुस्तकात खलाशांचं हे न संपणारं काम येतं. एक दोर आवळायला घेतला की दुसरा बिघडतो, डोलकाठी मागे ओढायची तर आधी पुढचे स्टे सैल करावे लागतात, असं तो सांगतो. प्रतिकृतीवर काम केलेल्या माणसाला ही तक्रार वाचून आपलाच कोणी भेटल्यासारखं वाटतं.

म्हणजे 'खरं जहाज नेहमी ताठ असे' हे पूर्ण खरं नाही. वाऱ्यावर चालणाऱ्या जहाजाचे वाऱ्याकडच्या बाजूचे श्राउड ताणलेले असतात आणि पलीकडचे थोडे सैल पडतात. शिडाच्या खालच्या कोपऱ्यांचे दोर, आडव्या काठ्या फिरवणारे दोर स्वतःच्या वजनाने झोल खातात. बंदरात शिडं गुंडाळलेल्या जहाजाचं चित्र पुन्हा वेगळं.

काळही पाहावा लागतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून स्थिर दोरांसाठी लोखंडी तारेचे दोर आले. १८६९मध्ये डंबार्टनला पाण्यात उतरलेल्या 'कटी सार्क'चे श्राउड तारेचे आहेत, त्यामुळे त्या जहाजाच्या प्रतिकृतीवर पट्टीने आखल्यासारखी सरळ रेषा शोभते. तीच रेषा सतराव्या शतकातल्या जहाजावर खटकावी. मुंबईच्या गोदीत सागवानी लाकडात बांधलेलं 'ट्रिंकोमाली' १८१७मध्ये पाण्यात उतरलं. ते आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला जतन केलेलं आहे. त्याची प्रतिकृती करणाऱ्याने आधी ठरवायला हवं की तो १८१७ची फ्रिगेट दाखवतो आहे की १८४७मध्ये फेरबदल करून नौदलाच्या सेवेत घेतलेली तीच नौका.

आपल्या किनाऱ्यावरच्या मचव्यांची आणि फत्तेमारींची गोष्ट तर आणखी निराळी. या तिरक्या शिडाच्या नौकांवर बाजूचे आधारदोर कायमचे आवळलेले नसतात. वाऱ्याची बाजू बदलली की त्या बाजूचे आवळतात आणि दुसऱ्या बाजूचे सोडतात. त्यात दोर काथ्याचा असेल तर तो मुळातच फार ताणला जाणारा. फत्तेमारीच्या प्रतिकृतीवर दोन्ही बाजूंचे दोर सारखेच ताठ दिसले, तर काम कितीही सफाईदार असलं तरी ती नौका चुकलेली आहे.

वजन हरवतं, ताठरपणा उरतो

एक साधा हिशेब इथे करावा लागतो. १:४८ या प्रमाणात प्रतिकृती केली की दोराची लांबी ४८ पटींनी कमी होते, जाडीही ४८ पटींनी कमी होते. वजन मात्र ४८ गुणिले ४८ गुणिले ४८, म्हणजे १,१०,५९२ पटींनी कमी होतं. खऱ्या जहाजावर २० किलो भरणारा दोर प्रतिकृतीवर ग्रॅमच्या पाचव्या हिश्शापेक्षाही हलका होतो. खऱ्या दोराला झोल येतो तो वजनामुळे. प्रतिकृतीतल्या दोऱ्याला वजन जवळजवळ नाहीच, आणि रिळावर गुंडाळून बसलेलं वळण मात्र पूर्ण शिल्लक. म्हणून सैल सोडलेला दोरा खाली झुकत नाही. तो कुठेही वाकतो, कधी वरही.

मला वाटतं बहुतेक वादांचं मूळ इथे आहे. 'दोर ताठ ठेवा' म्हणणारा आणि 'नैसर्गिक झोल द्या' म्हणणारा, दोघंही निसर्गाचा दाखला देतात, आणि १:४८च्या दोऱ्याला निसर्ग लागूच पडत नाही. झोल हवा असेल तर तो घडवावा लागतो. पातळ डिंकात दोरा भिजवून, मधोमध छोटं वजन लावून तो वाळेपर्यंत धरायचा. ताण हवा असेल तर तोही घडवावाच लागतो.

सैल का पडतो

पहिलं कारण हवेतली ओल. दोरा म्हणजे पिळलेले तंतू. सुती किंवा जवसाच्या तागाचा तंतू ओल प्यायला की जाड होतो, लांबीत फारसा वाढत नाही. जाड झालेल्या गाभ्याभोवती प्रत्येक तंतूला मोठा वळसा घ्यावा लागतो आणि त्याची लांबी तर तेवढीच असते, म्हणून सगळा दोर आखूड होतो. पंचा पिळताना जितका पीळ द्यावा तितका तो आखडतो, तसंच. हवा कोरडी झाली की उलट घडतं. पावसाळ्यात ढोलकी उतरते, कारण कातडं ओलीने पसरतं. त्याच दिवशी सुती दोरीची गाठ मात्र सुटता सुटत नाही. माझं ऑगस्टमध्ये बांधलेलं जहाज जानेवारीत का लोंबलं, याचं उत्तर एवढंच आहे: मी दोरा आखडलेला असताना बांधला होता.

रोममधली एक दंतकथा या संदर्भात हमखास सांगितली जाते. १५८६मध्ये दोमेनिको फोन्ताना व्हॅटिकनचा ओबेलिस्क उभारत असताना दोर ढिले पडू लागले आणि गर्दीतला एक खलाशी ओरडला, "दोरांवर पाणी टाका!" कथा घडलेली नसेलही, तिच्यामागचं शास्त्र बरोबर आहे.

किती ओल पितो यात धाग्याधाग्यांत मोठा फरक आहे. वस्त्रोद्योगात सुताच्या व्यवहारासाठी ओलाव्याचं प्रमाण ठरवून दिलेलं असतं: कोरड्या वजनाच्या तुलनेत जवसाचं ताग १२ टक्के, रेशीम ११, कापूस ८.५, नायलॉन ४.५ आणि पॉलिएस्टर फक्त ०.४. नायलॉनची चाल उलटी, ओलीने ते लांबतं. माणसाचा केसही लांबतो. १७८३मध्ये स्विस शास्त्रज्ञ सोस्यूरने केसाच्या साहाय्याने आर्द्रता मोजणारी उपकरणं प्रसिद्ध केली ती याच गुणावर. नेपोलियनच्या युद्धांत पकडलेल्या फ्रेंच सैनिकांनी इंग्लंडमधल्या नॉर्मन क्रॉससारख्या छावण्यांत हाडांची नाजूक जहाजं कोरली. त्यांतल्या काहींचे दोर केसांचे होते असं सांगतात. तसं असेल तर ती जहाजं पावसात सैल आणि थंडीत ताठ होत असणार, म्हणजे माझ्या जहाजाच्या बरोबर उलट.

दुसरं कारण रेंगाळत येतं. सतत ताणाखाली ठेवलेला धागा हळूहळू लांबतो, आणि लांबी बांधून ठेवली तर त्यातला ताण हळूहळू ओसरतो. नायलॉनमध्ये हे फार, पॉलिएस्टरमध्ये कमी. मी कपाटाच्या मागच्या भिंतीवर तीन खिळ्यांना सुती, पॉलिएस्टर आणि नायलॉन असे तीन धागे टांगले, प्रत्येकाच्या टोकाला एकेक वॉशर, मागे कागद चिकटवून पेन्सिलीच्या खुणा. सुती धागा वर-खाली होत राहिला. नायलॉन पहिले काही आठवडे फक्त खालीच गेला. पॉलिएस्टरच्या खुणा एकमेकींवर पडत गेल्या. हा काही प्रयोगशाळेतला प्रयोग नव्हे, पण घरच्या घरी करण्यासारखा आहे.

तिसऱ्या कारणाकडे सहसा दुर्लक्ष होतं, ते म्हणजे डोलकाठी. दोर सैल पडला म्हणून आपण दोराला बोल लावतो, पण कित्येकदा बारीक वरची काठी वाकलेली असते. पुढचा स्टे जास्त ओढला की काठीचं टोक पुढे येतं आणि मागचा बॅकस्टे ढिला होतो. तो आवळला की स्टे ढिला. मग स्टे पुन्हा. शेवटी दोन्ही कमालीचे ताणले जातात आणि काठी धनुष्यासारखी दिसू लागते. हे डेनाचंच दुखणं, फक्त चिमट्याने हाताळलेलं.

लाकडाच्या हालचालीचा धाक मात्र थोडा जास्त घेतला जातो. लाकूड रेषेच्या आडवं हलतं, रेषेच्या दिशेने जवळजवळ नाही. म्हणजे डोलकाठीची उंची बदलत नाही. १० सेंटिमीटर रुंदीचं जहाज ऋतूगणिक एखाद मिलिमीटर रुंदावलं तरी ३० सेंटिमीटरच्या श्राउडवर त्याचा परिणाम मिलिमीटरच्या दशांशाएवढाच पडतो. उलट तो श्राउड सुती असून लांबीत अर्धा टक्का जरी बदलला, तरी दीड मिलिमीटर होतात. आधी दोरा तपासावा, मग लाकूड.

कशाचा दोर

जुन्या पिढीचं मत जवसाच्या तागाच्या बाजूने होतं. चार्ल्स डेव्हिस यांचं १९२६चं, आर. सी. अँडरसन यांचं १९२७चं, लाँगरिज यांचं १९५५चं नेल्सनच्या 'व्हिक्टरी' जहाजावरचं, ही पुस्तकं ज्यांनी उशाशी ठेवली ते सगळे नैसर्गिक धाग्यात वाढले. तागाच्या बाजूचा युक्तिवाद साधा आहे: तो टिकल्याचे पुरावे शतकांचे आहेत, दिसायला तो खऱ्या दोरासारखा दिसतो आणि पीळ धरून राहतो. तोटा म्हणजे ओल सगळ्यांत जास्त तोच पितो. शिवाय चांगला, एकसारखा, गुठळ्या नसलेला तागाचा दोरा आता सहज मिळत नाही. उत्तर आयर्लंडमधल्या लिझबर्नजवळच्या हिल्डन इथली बार्बरची गिरणी जुन्या कारागिरांच्या तोंडी असे. ती २००६मध्ये बंद झाली.

पॉलिएस्टरवाले म्हणतात, ओलीचा प्रश्नच संपवा. आज अनुभवी हौशी लोकांचा कल याच बाजूला झुकलेला दिसतो. घरी छोट्या दोरयंत्रावर तीन पदरांत पॉलिएस्टर पिळून, उष्णतेने बसवून घेतलेला दोर खरोखर जागचा हलत नाही. त्यांच्यावरचा आक्षेप दोन गोष्टींचा. हा धागा चकाकतो, आणि त्याचं वय अजून कोणी पुरतं पाहिलेलं नाही. पॉलिएस्टर धागा बाजारात आला विसाव्या शतकाच्या मध्यानंतर. दोनशे वर्षांच्या पॉलिएस्टरविषयी बोलायला आपल्याला अजून शंभराहून अधिक वर्षं थांबावं लागेल.

रेशीम बारीक आणि देखणं, पण उजेडात कुजतं. कापूस सगळीकडे मिळतो आणि पहिल्या जहाजासाठी पुरेसा आहे. सूक्ष्म प्रतिकृतींत तारच बरी. इंग्लंडच्या डोनाल्ड मॅकनॅरी यांच्यासारख्या सूक्ष्मकारांनी बारीक तार वापरली, कारण तिथे झोल हाताने घडवता येतो आणि तो तसाच राहतो. 'व्हिक्टरी'चा मुख्य स्टे सुमारे १९ इंच परिघाचा होता, तो १:४८ला तीन मिलिमीटरच्या वर येतो. पण पाऊण इंच परिघाचा दोर १:९६ला मिलिमीटरच्या सोळाव्या भागाएवढा होतो. त्या जाडीला तीन पदर पिळायचे कसे?

पोलादी युद्धनौकांच्या प्लास्टिक प्रतिकृतींत लवचीक धागा वापरतात. तो कायम ताठ राहतो आणि चुकून बोट लागलं तरी परत जागेवर येतो. काही जण प्लास्टिकची काडी तापवून केसासारखी ओढतात, चिकटवतात आणि मग जवळून पेटती उदबत्ती फिरवतात. सैल तंतू आखडून सरळ होतो. हे बघताना मजा येते. पण लवचीक धागा प्रकाशाने आणि हवेने सैल, पिवळा पडतो हे संग्रहालयातल्या वस्त्र-जतन करणाऱ्यांना नीट माहीत आहे, म्हणून शिडाच्या जहाजांवर त्याला फारसं कोणी येऊ देत नाही.

हाताची रीत

इथे मतं सर्वांत जास्त वाटली गेली आहेत, आणि माझ्या मते सर्वांत कमी महत्त्वाच्या मुद्द्यांवर. पण तेवढ्यासाठी ती डावलता येत नाहीत.

क्रमाविषयी एक गोंधळ कायम आढळतो. खऱ्या जहाजावर डोलकाठीच्या माथ्यावर आधी श्राउड चढतात आणि त्यांच्यावर स्टे बसतो. काही जण याचा अर्थ असा घेतात की आवळायचंही याच क्रमाने. चढवणं आणि आवळणं या दोन वेगळ्या क्रिया आहेत. सगळे स्थिर दोर आधी चढवून, अर्धवट ताणात ठेवून, मग काठीकडे समोरून आणि बाजूने बघत आळीपाळीने आवळणं हे जास्त हातखंड्याचं काम. श्राउड एकदा उजवीकडचा, एकदा डावीकडचा. एका बाजूचे सगळे आधी बांधले की काठी त्या बाजूला कलते आणि पुढे कधीही सरळ होत नाही.

एक गट काठीलाच ताठ करतो: लाकडी काठीच्या गाभ्यात पितळी सळई. हे फसवणुकीसारखं वाटतं असं काही जण म्हणतात. जी गोष्ट कोणाला दिसणार नाही आणि जहाज सरळ ठेवते, तिच्यावर मला तरी हरकत घेता येत नाही.

ताण मोजायचं साधन प्रत्येकाच्या घरात असतं: कपडे वाळत घालायचे चिमटे. चालता दोर कप्पीतून घेऊन पिनेवर वळवला की सैल टोकाला एक चिमटा लटकवायचा. सगळ्या जोडीच्या दोरांना सारखेच चिमटे, म्हणजे ताणही सारखा. चार-आठ दिवस तसंच ठेवून मग टोक बांधायचं. माझ्या टेबलावर एका संध्याकाळी सतरा चिमटे लोंबत असलेलं जहाज पाहून शेजारच्या मावशींनी विचारलं होतं, "धुतलंत की काय?"

शिडीच्या पायऱ्यांसारख्या रॅटलाइन बांधताना उलटाच घोळ होतो. प्रत्येक गाठ श्राउडला किंचित आत ओढते, शेकडो गाठींनंतर श्राउडची रांग मधोमध डमरूसारखी बारीक होते. मागे आखलेला कार्डबोर्ड लावून आणि मधल्या श्राउडपासून बाहेरच्यांकडे गाठी मारत गेलं की हे बरंच टळतं.

आता डिंक. एका पक्षाचं म्हणणं, प्रत्येक गाठीला थेंबभर डिंक लावल्याशिवाय गाठ भरवशाची नाही, कारण पॉलिएस्टर निसटतं. दुसऱ्या पक्षाचं म्हणणं, खऱ्या जहाजावर डिंक नव्हता आणि दुरुस्ती करणाऱ्याला डिंक हा शाप आहे. कोणता डिंक याच्यावर पुढे आणखी फाटे. झटपट चिकटणारा सायनोअॅक्रिलेट सोयीचा, पण दोऱ्याचा तो भाग काळपट चकाकतो आणि ठिसूळ होतो, नेमका गाठीच्या कडेला तुटतो. पातळ केलेला सुतारी पांढरा डिंक दिसत नाही आणि ओलावला की बहुधा मऊ पडतो. फ्रेंच पॉलिशचा चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून लावला तर स्पिरिटनेच काढता येतो. हा जुना उपाय हल्ली पुन्हा आवडता झालेला दिसतो.

मधमाशीच्या मेणाचंही तसंच. दोरा मेणातून ओढला की लव बसते आणि ओल थोडी थोपवली जाते. पण मेण धूळ धरतं आणि त्यात मुक्त आम्लं असतात, म्हणून जतन करणारे त्याच्याकडे साशंक नजरेने बघतात. १९५०च्या दशकात ब्रिटिश म्युझियममध्ये सूक्ष्मस्फटिकी मेणाचं मिश्रण तयार झालं, ते आम्लमुक्त असल्यामुळे आता काही जण तेच वापरतात. मेणाने ओल पूर्ण थांबते हा मात्र समजच. ती फक्त उशिरा पोचते.

दुसऱ्याच्या जहाजाला हात लावावा का

घरच्या जहाजाचा निकाल आपण लावू शकतो. संग्रहालयातल्या जहाजाचं तसं नाही. ग्रीनिचच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयात आणि अमेरिकेत अॅनापोलिसच्या नौदल अकादमीत सतराव्या-अठराव्या शतकातल्या इंग्रजी प्रतिकृतींचे मोठे संग्रह आहेत. अॅनापोलिसचा संग्रह हेन्री हडलस्टन रॉजर्स यांच्या मृत्युपत्रान्वये १९३५मध्ये तिथे आला. त्या काळातल्या मूळ दोरांसह उरलेल्या प्रतिकृती फार थोड्या. बऱ्याचशांवर नंतरच्या हातांनी नवे दोर चढवले आहेत, आणि ते चढवणाऱ्यांनी आपल्या काळच्या समजुतीप्रमाणे, बहुधा मूळच्यापेक्षा जास्त ताठ, चढवले.

म्हणून आज संग्रहालयांत दोन विचार आहेत. एक म्हणतो, सैल पडलेला मूळ दोर हा कागदपत्रासारखा पुरावा आहे. त्याची गाठ, पीळ, जाडी यांतून तेव्हाचे लोक काय करत होते ते कळतं. लोंबत असेल तर लोंबू द्यावा. दुसरा म्हणतो, लोंबणारा दोर दुसऱ्या दोरांत अडकतो, काठी एका बाजूला ओढतो आणि पाहणाऱ्याला जहाज मोडकं दिसतं. तो हलक्या हाताने आधार देऊन सरळ करावा. दोन्हींना मान्य असलेली गोष्ट एकच: हवेतली ओल ५० टक्क्यांच्या आसपास स्थिर ठेवा. खुद्द खऱ्या 'व्हिक्टरी'च्या डोलकाठ्यांचे वरचे भाग आणि दोर २०११मध्ये उतरवून ठेवावे लागले, कारण जुन्या लाकडाला त्यांचा ताण सोसत नव्हता. तिथे दोर ताठ ठेवण्यापेक्षा नसलेलाच बरा ठरला.

मुंबईत जुलैत आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर जाते आणि हिवाळ्यातल्या दुपारी पन्नासच्या खालीही उतरते. ओल स्थिर ठेवणारी यंत्रणा चोवीस तास चालू नसलेल्या कपाटात नैसर्गिक धाग्याच्या जहाजाने वर्षातून एकदा आखडावं आणि एकदा लोंबावं हेच स्वाभाविक. काचेची पेटी हा खर्चीक वाटणारा पण खरा उपाय. पेटी ओल थांबवत नाही, पण तिचे चढउतार मंद करते आणि धूळही थांबवते.

काय उरलं आहे

बऱ्याच गोष्टी आता वादाच्या पलीकडे गेल्या आहेत. सुती-तागाचे धागे ओलीने आखडतात आणि पॉलिएस्टर जवळजवळ नाही, नायलॉन टाळावं, दोर आळीपाळीने आवळावेत, बॅकस्टे डोलकाठीला मागे ओढत असताना स्टे पुढे ओढत असतो याचं भान ठेवावं, एवढ्यावर आता कोणी भांडत नाही. कोणत्या दोराला किती झोल असावा हा प्रश्नही जहाज, काळ आणि क्षण ठरवले की बराच सुटतो: चालतं जहाज, बंदरातलं जहाज, १६७०, १८७०.

न सुटलेलं आहे ते पुढच्या शंभर वर्षांचं. पॉलिएस्टरचा दोर काचेच्या पेटीतल्या उजेडात किती टिकेल? पांढरा डिंक कधी पिवळा पडेल? घरी पिळलेल्या दोरात किती पीळ ठेवला म्हणजे तो ओलीला कमी हलेल आणि तरी दोरासारखा दिसेल? याविषयी एकेकट्या कारागिराच्या अनुभवापलीकडे माहिती जमलेली नाही, आणि ती जमत नाही याचं कारण साधं आहे. जहाज त्याच्या कारागिरापेक्षा जास्त जगतं, आणि दुरुस्तीला बसणाऱ्याला त्याने काय वापरलं ते कळत नाही.

माझ्या जहाजाचा स्टे मी फेब्रुवारीत पुन्हा आवळला. टोकाला डिंक लावला नव्हता म्हणून दहा मिनिटांत झालं. त्या वेळी तळाच्या फळीखाली एक चिठ्ठी चिकटवली: दोरा कापसाचा, मेण मधमाशीचं, डिंक पांढरा आणि फक्त वरच्या गाठींना, पहिल्यांदा बांधलं ऑगस्टमध्ये, आवळलं फेब्रुवारीत. तुमच्या घरी एखादं जहाज असेल तर आज फळी उलटी करा आणि तुम्हाला जेवढं आठवतं तेवढं लिहून ठेवा, महिन्यासकट.